पन्हळी पत्र्याचें औचित्य

ज्या वस्तूवर कोणा कवीनें कधीं चार चरण रचिले नाहींत, जिचें नांव कोणत्याहि प्राचीन शिल्पग्रंथांत सांपडावयाचें नाहीं, आणि जी नित्य डोक्यावर असूनहि जिच्याकडे मान वर करून पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं, अशा एका वस्तूचें परीक्षण करण्यास आम्ही आज बसलों आहों. ती वस्तु म्हणजे बाजारांत ज्याला ‘फायबरचा पत्रा’ म्हणतात तो: काचेच्या तंतूंचा, राळेंत बसविलेला, पन्हळी, अर्धपारदर्शक, कोठें पांढरा, कोठें पोपटी, कोठें निळा. वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत पत्र्याला जागा कशी, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, ग्रंथ न आवडल्यास मिटून ठेवतां येतो; छप्पर मिटून ठेवतां येत नाहीं. नीरस कादंबरीनें वाचकाची एक दुपार फुकट जाते. चुकीच्या छपरानें एका कुटुंबाच्या पंचवीस वर्षांच्या दुपारी बदलून जातात. शिवाय या विषयांत आम्ही केवळ टीकाकार नाहीं, आरोपीहि आहों. तें कसें, हें शेवटीं सांगूं.

गुलमंडी या नांवांतच फुलांचा बाजार आहे. पण आज तेथें फुलांपेक्षां कापडाचीच उलाढाल अधिक. ज्या शहरास 2023 पर्यंत सरकारदरबारीं औरंगाबाद म्हणत आणि आतां छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्याच्या जुन्या वस्तीचें हें हृदय. पैठण दरवाज्याकडून टिळक पथानें चालत यावें, सुपारी हनुमानाला हात जोडावे, आणि मग दोन्ही बाजूंच्या दुकानांकडे, त्यांतील मालाकडे नव्हे, तर त्यांच्या कपाळाकडे पाहावें. जुन्या वाड्यांच्या सागवानी महिरपींवर, नव्या सिमेंटी मजल्यांच्या ओठांवर, बोळांच्या तोंडाशीं आणि मागील चौकांवर हा पत्रा पसरलेला दिसेल. मे महिन्याच्या उन्हांत त्याखालून चालणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर पोपटी छटा येते आणि पुढच्या दुकानाशीं ती निळी होते. एकदां एक बाई त्या उजेडांत साडी उलटीसुलटी करून पाहत होत्या. दुकानदार स्वतःच म्हणाला, “ताई, बाहेर उन्हांत धरून बघा, इथं रंग कळायचा नाही.” इतका प्रामाणिक टीकाकार आम्हांस अलीकडे ग्रंथपरीक्षणांतहि भेटला नाहीं.

या वस्तूचें कुल पाहूं. पत्र्याला पन्हळ पाडण्याची युक्ति लंडनच्या गोद्यांवर काम करणारा इंजिनियर हेन्री रॉबिन्सन पामर याची. तिचें पेटंट त्यानें 1829 सालीं घेतलें. युक्तीचें मर्म आम्ही वर्गांत कागदाच्या एका तावावर दाखवितों. सपाट ताव दोन पुस्तकांच्या मध्यें ठेवला तर स्वतःच्याच भारानें लोंबतो. त्यालाच पंख्याच्या घड्या घातल्या कीं तो तिसरें पुस्तक तोलून धरतो. द्रव्य तेंच, आकृति निराळी. आणि सामर्थ्य आकृतींतून आलेलें. गद्याला छंदानें जें लाभतें, तेंच लोखंडाला पन्हळीनें लाभलें. पुढें 1837 सालीं सोरेल या फ्रेंच गृहस्थानें लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याची रीति पक्की केली, आणि गंजाचें भय कमी होऊन हा पत्रा जगभर पसरला. विसाव्या शतकाच्या आरंभीं सिमेंट व ॲसबेस्टॉस यांचा पत्रा आला. त्यानेंहि पन्हळच घेतली. काचेचा तंतु अमेरिकेंत 1930 नंतरच्या दशकांत कारखान्यांतून निघूं लागला. दुसऱ्या महायुद्धांत तो पॉलिएस्टरच्या राळेंत बसवून विमानांवरील रडारची आवरणें केलीं गेलीं. आणि युद्ध संपल्यावर तीच विद्या नावा, खुर्च्या आणि छपरें यांकडे वळली. दीड मिलिमीटर जाडीचा असा एक चौरस मीटर पत्रा सुमारें दोन किलो भरतो. तेवढीच चार मिलिमीटर जाडीची काच दहा किलो भरते. एक मनुष्य खांद्यावर घेऊन शिडी चढतो, दुसरा आंकडे घट्ट करितो, आणि सायंकाळपर्यंत छप्पर तयार. हे गुण लहान नव्हेत. ज्यांना ते लहान वाटतात त्यांनीं पावसाळ्याच्या तोंडावर गळकें घर सांभाळलेलें नसावें.

आतां आक्षेप पाहूं. सुशिक्षितांच्या तोंडीं पहिला आक्षेप असतो तो नक्कलीचा. हा पत्रा काच नसून काचेचें सोंग आणतो. लोखंड नसून लोखंडाची घडी घेतो. म्हणून तो खोटा. या आक्षेपाचें मूळ रस्किनमध्यें आहे. 1849 सालच्या ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथांत त्यानें सत्य हा वास्तुकलेचा एक दीप मानिला, आणि एक द्रव्य दुसऱ्याचा वेष घेतें त्यास फसवणूक ठरविलें. 1851 सालीं लंडनच्या हाइड पार्कांत पॅक्स्टननें लोखंड व काच यांचा प्रचंड महाल उभा केला, तो जगानें नांवाजला; पण रस्किनचें मन त्याजवर कधीं बसलें नाहीं. आम्ही तरुणपणीं रस्किन वाचून भारावलों होतों. परंतु ज्यानें या शहरांत आयुष्य घालविलें, त्याला रस्किनचा हा नियम जसाच्या तसा पाळणें कठीण आहे. कारण हें शहरच उत्तम नकलांचें शहर आहे.

बीबी-का-मकबरा पाहा. सतराव्या शतकाच्या मध्यास तो बांधला गेला; खालीं कमरेइतक्या उंचीपर्यंत संगमरवर आहे, घुमटहि संगमरवरी आहे, पण मधला मोठा भाग काळ्या दगडाचा असून त्यावर संगमरवराचा भास होईल असा गुळगुळीत चुन्याचा गिलावा चढविलेला आहे. ‘गरिबांचा ताज’ म्हणून त्याची हेटाळणी होते. तरी पौर्णिमेच्या रात्रीं त्यासमोर उभा राहिलेला मनुष्य फसविला गेल्यासारखा परत येत नाहीं. हिमरू पाहा. ज्यांना किनखाब परवडत नसे त्यांच्यासाठीं सूत व रेशीम यांचा मेळ घालून विणलेलें हें वस्त्र. त्याचा जन्मच बरोबरी करण्याच्या इच्छेंतून झाला, आणि आज तें स्वतःच्या नांवानें ओळखलें जातें. आणि सर्वांवर कडी म्हणजे वेरूळचें दहावें लेणें, ज्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. कार्ल्याच्या चैत्यगृहांत छताला खऱ्या लांकडाच्या फांसळ्या आहेत. वेरूळास त्याच फांसळ्या अखंड दगडांत कोरल्या आहेत. त्या छताला कांहींहि तोलावयाचें नाहीं, कारण तें डोंगराचाच भाग आहे. रस्किनच्या तराजूंत हें शुद्ध असत्य ठरेल. पण तेथें खालीं उभें राहून वर पाहिल्यास असत्याचा विचारहि मनाला शिवत नाहीं. दगड लांकडाला फसवीत नसून त्याची आठवण जपीत आहे असेंच वाटतें.

तेव्हां नक्कल हा गुन्हा नव्हे. नक्कल कशासाठीं केली हा प्रश्न आहे. फायबरच्या पत्र्यानें लोखंडी पत्र्याची पन्हळ घेतली ती दोन कारणांनीं. एक तर ताठपणासाठीं तिची त्यालाहि गरज होती. दुसरें असें कीं, कारखान्याच्या लोखंडी किंवा सिमेंटी छपरांत मधून मधून उजेडासाठीं त्याला बसवावयाचें होतें, आणि शेजारच्या पत्र्यावर नीट चढण्यास त्याची लाट शेजाऱ्याच्या लाटेशीं तंतोतंत जुळणें भाग होतें. पंगतींत बसणाऱ्यानें पंगतीची मांडी घालावी, यांत ढोंग कसलें? मात्र येथें एक उणेंहि नोंदविलें पाहिजे. हें द्रव्य कोणताहि आकार घेऊं शकतें. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें 1950 च्या सुमारास त्याची खुर्ची घडविली. माणसाच्या पाठीला जशी वळणें तशीं त्या खुर्चीला. हेंच दांपत्य पुढें भारतांत आलें, 1958 सालीं त्यांनीं आपल्या सरकारास एक अहवाल दिला, आणि त्यांत आपल्या साध्या लोट्याची मनापासून वाखाणणी केली. ज्यांना नव्या द्रव्याचें स्वतःचें रूप सांपडलें, त्यांनाच जुन्या भांड्याचें रूपहि दिसलें. आपल्या छपरांवरील पत्र्याला मात्र असें स्वतःचें रूप अद्याप मिळालेलें नाहीं. तो चांगला अनुवाद आहे. स्वतंत्र काव्य नव्हे. चांगल्या अनुवादाला आम्ही कमी लेखीत नाहीं.

दुसरा आक्षेप उजेडाचा. आणि येथें आमचें मत पत्र्याच्या विरुद्ध जाऊं लागतें. मराठवाड्यांतील जुन्या घराला माळवद असे: सागाच्या तुळया, त्यांवर आडव्या किलचा, आणि त्यावर जाड थरानें दाबलेली पांढरी माती. उन्हाळ्यांत ती माती दिवसभर ऊन पोटांत घेई आणि खालचें घर थंड ठेवी. या माळवदाला उजेडासाठीं एक भोंक ठेवीत, त्याला साणें म्हणत. त्यांतून उतरणारा प्रकाशाचा खांब सकाळीं पश्चिमेच्या भिंतीवर असे, दुपारीं जमिनीवर येई, आणि आमची आजी घड्याळ न पाहतां स्वयंपाकाची वेळ ओळखी. उजेड थोडा होता; पण तो खरा होता, आणि तो हालत होता. याच शहरांत पाणचक्कीजवळ मोठा हौद आहे. त्या हौदाचा तळ हेंच खालच्या दालनाचें छप्पर. वर पाणी, खालीं वाटसरूंना गारवा. छपरानें केवळ झांकूं नये, कांहीं द्यावेंहि, ही जाण त्या बांधणाऱ्यांना होती.

फायबरचा पत्राहि देतो. पण काय देतो तें पाहावें. नवा पांढरा पत्रा शेंकडा 80 च्या आसपास उजेड आंत सोडतो, आणि त्याबरोबर ऊनहि. राळेंतील तंतु किरणांना फोडतात, म्हणून सावली पडत नाहीं. सगळीकडे सारखा, दिशा नसलेला, दुधी उजेड पसरतो. वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांत हाच गुण अमोल आहे. उंच छपरांत दर कांहीं पत्र्यांनंतर एक फायबरचा पत्रा घातला कीं लेथवर काम करणाऱ्याच्या हातावर स्वतःची सावली पडत नाहीं, दिवसा दिवे लावावे लागत नाहींत, आणि छप्पर उंच असल्यामुळें ताप वरच राहून निघून जातो. तेथें हा पत्रा आपल्या जागीं आहे. तोच गुलमंडींतील नऊ फूट उंचीच्या छपराला लावला म्हणजे उजेडाबरोबर भट्टीहि खालीं येते. आणि रंगीत लावला म्हणजे कापडाचा रंग खोटा होतो. त्यांत राळ पेट घेणारी. दाटीच्या बोळांत, दिवाळीच्या दिवसांत, हा विचार मनांतून काढून टाकतां येत नाहीं.

अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें औचित्य हें काव्याचें जीवित मानिलें. गुण, अलंकार, रस हीं सर्व आपापल्या स्थानीं शोभतात. स्थान चुकलें कीं तींच हास्यास्पद होतात. पत्र्याला रस्किनचा नियम लावून आम्ही चुकत होतों. लावावयाचा होता तो क्षेमेंद्राचा. हा पत्रा खोटा नाहीं. तो पुष्कळदां चुकीच्या ठिकाणीं आहे, इतकेंच.

आणि चुकीच्या ठिकाणीं तो आमच्या घरींच होता. गुलमंडीच्या मागील एका गल्लींत आमच्या वाडवडिलांचा लहानसा वाडा आहे, मध्यें चौक, चौकांत तुळशीवृंदावन. पावसाचें पाणी सोप्यांत येई, कबुतरें घाण करीत; म्हणून 1998 च्या उन्हाळ्यांत आम्हीं स्वतः सांगून त्या चौकावर पोपटी फायबरचे पत्रे घालून घेतले. पाऊस थांबला, कबुतरें गेलीं. घरांतील सर्वांनीं आमच्या व्यवहारज्ञानाचें कौतुक केलें. तुळस मात्र उंच, फिकट आणि विरळ पानांची झाली, आणि चौकाच्या ज्या कोपऱ्यांत पत्रा थोडा अपुरा पडला होता तिकडे वांकली. आईनें कांहीं न बोलतां एक दिवस तिचें रोप कुंडींत घेऊन गच्चीवर नेलें. आम्ही त्या वेळीं सौंदर्यशास्त्रावर एक व्याख्यानमाला तयार करीत होतों. तुळशीनें केलेली टीका आमच्या ध्यानांत आली नाहीं.

तिसरा आक्षेप वयाचा, आणि तोच आमच्या मतें खरा गंभीर आहे. दगड म्हातारा होतो तो शोभेनें. लांकूड काळवंडतें, तरी आंतून किडलें कीं बोटानें वाजवून कळतें. लोखंडाला गंज चढतो आणि तो गंज लाल अक्षरांत धोका लिहून ठेवतो. फायबरच्या पत्र्याचें वार्धक्य निराळें आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनीं वरची राळ हळूहळू झिजते, काचेचे तंतु उघडे पडतात, त्यांत धूळ बसते. पत्रा पिंवळा होतो, मळतो, आणि बहुधा दहा-पंधरा वर्षांत ठिसूळ होतो. पण त्याची लाट जशीच्या तशी राहते. खालून पाहणाऱ्याला तो थोडा अंधुक झालेला दिसतो. वरून पाहणाऱ्याला तो धुळीमुळें शेजारच्या लोखंडी पत्र्यासारखाच दिसतो. उजेड देणारी वस्तु मळल्यामुळें न देणाऱ्या वस्तूसारखी दिसूं लागते, आणि चालणाऱ्याला पाय कोठें ठेवावा हें कळेनासें होतें. कारखान्यांच्या छपरांवर काम करणाऱ्यांना हें भय चांगलें ठाऊक आहे. जगांत अनेक कामगार अशाच पत्र्यांतून खालीं पडून मेले आहेत.

2022 च्या मे महिन्याच्या अखेरीस आम्हीं चौकावरील पत्र्यांवर सांचलेला पाला काढण्यासाठीं एका ओळखीच्या कामकऱ्यास बोलाविलें. शिडीवर पाय ठेवण्यापूर्वीं त्यानें विचारलें, “सर, पत्रा पक्का आहे ना?” आम्ही पुस्तकांतून मान वर न करितां म्हणालों, “आहे, आहे. मी स्वतः उभा राहून घालून घेतला आहे.” तें खरें होतें, परंतु तें चोवीस वर्षांपूर्वींचें सत्य होतें. थोड्याच वेळानें काठी मोडावी तसा आवाज झाला, आणि तो मनुष्य पोपटी ढलप्यांसकट चौकांत आला. खालीं वृंदावनाचा कठडा होता. तो हातभर बाजूला पडला म्हणून वांचला. हात मोडला, तो तीन महिन्यांनीं बरा झाला. औषधोपचार व बुडालेली मजुरी यांचा खर्च आम्हीं केला. त्यानें आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. दोष पत्र्याचा म्हणावा तर त्यानें आपल्या आयुष्याहून अधिक काळ चाकरी केली होती. विकणाऱ्याचा म्हणावा तर त्यानें शंभर वर्षांचा वायदा केला नव्हता. ज्यानें चोवीस वर्षें त्याखालीं बसून वाङ्मयांतील जीर्ण कल्पनांवर टीका लिहिली आणि डोक्यावरील जीर्ण वस्तु एकदांहि बोटानें वाजवून पाहिली नाहीं, दोष त्याचा होता.

हें सर्व ऐकून आमचे एक मित्र म्हणाले, “मग हे पत्रे सरसकट उतरवावेत असा लेख लिहा, शहर तरी सुंदर दिसेल.” तसा लेख आम्ही लिहिणार नाहीं. पत्र्याची निंदा करणें ही आपल्याकडील सुशिक्षितांची स्वस्त चैन झाली आहे. ज्याच्या घराला दुसरें छप्परच नाहीं, ज्या फेरीवाल्याच्या मालावर पावसाचा एक थेंब म्हणजे दिवसाची कमाई, त्याला सौंदर्याचा उपदेश करणें हें निर्दयपणाचें आहे. माळवदाला दर वर्षीं माती घालणारे हात आतां घरोघर नाहींत, सागाच्या तुळया परवडत नाहींत. मग पत्रा न घालावा तर काय करावें? आमचें म्हणणें लहान आहे. पत्रा घालावा, पण तो पांढरा असावा, म्हणजे गिऱ्हाइकाला रंग कळेल. छप्पर शक्य तितकें उंच घ्यावें आणि ताप निघून जाण्यास वरच्या बाजूस वाट ठेवावी. जेथें आकाश उघडें असण्यालाच अर्थ आहे, अशा चौकावर तो घालूं नये. त्यावर चढावयाचें झाल्यास आडवी फळी टाकूनच चढावें, आणि नवा पत्रा असला तरी त्यावर थेट पाय देऊं नये. आणि जेथें घालाल तेथें घातल्याचें साल भिंतीवर ठळक लिहून ठेवावें. ग्रंथाच्या मुखपृष्ठाआड प्रकाशनाचें साल असतें, म्हणून तो कोणत्या काळाचा म्हणून वाचावा हें वाचकास कळतें. छपराच्या बाबतींत तर त्या सालावर एखाद्या माणसाचा जीव अवलंबून असूं शकतो.

आमच्या चौकावर आतां पत्रा नाहीं. कबुतरांसाठीं तारेची जाळी आहे, आणि पावसासाठीं सोप्याच्या कडेनें हातभर रुंदीची पन्हळ. जोराची सर आली कीं सोप्यांत थोडें पाणी येतें, आणि तें पुसावें लागतें. तुळस गच्चीवरून खालीं आली आहे. ती आतां सरळ वाढते. ज्या मनुष्याचा हात मोडला होता, त्यानेंच ती जाळी बसविली. काम संपल्यावर शिडी आवरतांना त्यानें वर पाहिलें आणि विचारलें, “सर, ही किती वर्षं टिकेल?” या वेळीं आम्हीं पुस्तक बाजूला ठेविलें, त्याच्याबरोबर बाजारांत जाऊन विक्रेत्यास विचारून आलों, आणि जें कळलें तें खडूनें नव्हे, रंगानें भिंतीवर लिहून ठेविलें.